शेवळाच्या पेपरातली भावकी

— अवो बसा तर खरं सर, सही काय कुठं पळून चाललीय? उन्हातून आलात, त्या मेल्या रिक्षावाल्यानं चढाच्या खालीच उतरवलं असंल, पुढं यायला बगत नायत ते — आधी पानी घ्या. मंग चहा. कागद राहू द्या तिथं, वारा नाय, उडत नाय. वाचून पन दाखवू नका, काय लिवलंय ते सुनेनं, हर्षदानं, सांगितलंय मला — 'मी बनूबाई, राजीखुशीनं माझं नाव पेपरातनं काढून घेते' — बरोबर ना? राजीखुशीनं! काडीमोड लिवतात तसं. नाय नाय, तुमच्यावर राग नाय माझा. तुमी जिज्ञासाचे गाईड, म्हंजे गुरूच की. माझ्या भावाची पोर ती, भाऊ तर गेला, शिरगावच्या दोन खोल्यांत राहून यवडी शिकली, उल्हासनगरला तुमच्या कॉलेजात गेली, आन तुमी तिला आमच्याच रानात धाडलीत शेवळं मोजायला, पावसाच्या तोंडाला उगवनारी आमची ही रानभाजी — तिचं वाईट व्हावं असं मला वाटंल का? मला सगळं माहित हाय. पेपर परत आलाय. नावांचा घोळ मिटल्याबिगर छापत नायत, छापला नाय तर तिचा प्रबंध घेत नायत, आन प्रबंध नाय तर इतक्या वर्सांचं मातेरं. पोर रडून रडून सुजलीय, मी काय बगितलं नाय? बसा. साखर चालती ना तुमाला?

पन मला एक सांगा सर, चूक कोनाची? माझी? हर्षदाची? नाय — डेंगूची. जिज्ञासा बदलापूरला दवाखान्यात, हाताला सलाईन, आन पेपर धाडायचा शेवटचा दिवस. तिनं फोन कोनाला केला? माझ्या सुनेला. का, तर हर्षदाचा दिवसभर कंप्युटरवर हात चालतो — उल्हासनगरला कमलेश शेठच्या दुकानात लग्नाच्या पत्रिका बनवते ना ती, मराठी म्हना, सिंधी म्हना, इंग्लिश म्हना. जिज्ञासा म्हनाली, वैनी, पेपर तयार हाय, पासवर्ड घे, तेवडा फक्त वर चढव, आन — हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, फोन स्पीकरवर होता — 'ज्यांनी ज्यांनी मदत केली त्यांची नावं आत्याला इचारून घाल.' झालं! आता तिला म्हनायचं होतं, शेवटी आभाराच्या दोन ओळी असतात तिथं घाल. ते आमाला काय माहित? हर्षदानं उघडलं तर तो कंप्युटर पयलं इचारतो काय — नावं. मंग घातली की नावं! ती बसली टायपाला, मी बसले शेजारी सुपारी कातरत, पत्रिकेचा मजकूर काढायला बसतो ना, तशा. मला तर वाटलं, चला, घरात कार्य निघालं.

आता पत्रिकेत पयला मान कोनाला? जो गेला त्याला. म्हनून माझे सासरे, कै. बाळाजी, त्यांचं नाव पयलं. 'कै.' सकट. तुमी म्हनाल, गेलेल्या मानसाला पेपर लिवता येत नाय. अवो, गेलेल्या मानसाला पत्रिका तरी कुठं वाटता येते? तरी नाव असतंच ना! आन रान त्यांचं, त्यांनी राखलं म्हनून शेवळं उरली — त्यांना वगळलं असतं तर भावकीनं माझं तोंड बगितलं असतं? मंग चुलते, मंग दीर, मंग लेकी-जावई, मंग माझी आवडी — ती भावकीतली नाय, वरच्या ठाकरवाडीतली, पन भावकीपरास बरी — आन सगळ्यांत खाली किलबिल. पोरंसोरं. हां, पोरांच्या नावापुढं हर्षदाचा हात आपसूक चालला, 'आमच्या ताईच्या पेपरला यायचं हं!' असं टायप झालेलं. ते मीच खोडायला लावलं. यवडी अक्कल हाय मला. पेपरला कोन येतंय?

तुमचं नाव पार खाली गेलं त्याबद्दल मात्र हात जोडते. तुमी सासर-माहेर दोन्हीकडचे नाय, मामाकडचे नाय, बसवायचं कुठं? हर्षदा म्हनाली, आई, सरांना शेवटी टाकते, निमंत्रक असतो तिथं. म्हनलं टाक — काय? अं? शेवटचं नाव मोठं असतं तुमच्यात? सगळ्यांत मोठा मानूस शेवटाला? काय सांगता! अगो बाय. मंग तुमच्या नावाच्या लगेच वर कोन हाय बगा जरा — संजीवनी! माझी जाऊ. तिला मी मुद्दाम, ऐकताय ना, मुद्दाम पोरांच्या पन खाली ढकललेली, बसू दे म्हनलं रुसून. म्हंजे आता तिचा मान माझ्याहून मोठा झाला? सर, पाया पडते, हे तिला कळू देऊ नका. तिची सही घ्यायला जाल ना, तेवा 'तुमचं नाव शेवटाला होतं' यवडंच सांगा. जळू द्या जरा.

आन ते ईमेल! ते कळलं का तुमाला? कंप्युटर म्हनाला एकेकाचा ईमेल द्या. आमच्या चुलत्यांना कुठला ईमेल, त्यांना दात नायत. हर्षदानं सगळ्यांना दुकानाचा लावून टाकला. मंग त्या परदेशातल्या पेपरवाल्यांनी एकेकाला पत्र धाडलं — डॉक्टर बाळाजी, हा पेपर तुमीच लिवलाय ना, कबूल करा. सकाळी कमलेश शेठनं दुकान उघडलं, बगतो तर इंग्लिशमधून पत्रांचा ढीग, त्याला वाटलं मोठी पार्टी गावली. सगळ्यांना उत्तर दिलं त्यानं, आधी त्यांच्या सिंधीत अभिनंदन, मंग धंद्याचं! 'वाधायूं साईं, वाधायूं! कार्ड कितने चाहिए, सिंगल कलर या मल्टी, ऊपर गणपती लगाना है या नहीं?' — हसा, हसा, मला पन हसू येतं, हर्षदाला शेठ दोन दिवस इचारत होता की पार्टीचं काय झालं. त्यावरूनच पेपरवाल्यांना संशय आला म्हनतात. यायचाच की.

पन सहीचं म्हनाल तर थांबा जरा. नाय, नाय म्हनत नाय मी — थांबा म्हनते. तुमाला वाटत असंल, म्हातारीला काय पडलंय त्या नावाचं? तर ऐका. माझ्या सुजितच्या लग्नाची पत्रिका निघाली, माझ्या पोटच्या पोराची, तर वर 'श्री. व सौ.' कोन? दीर आन संजीवनी. कारन मी 'सौ.' नव्हते राहिले. खाली कुठंतरी 'गं. भा.' लावून टाकू म्हनाले, मंग छापायच्या येळी म्हनाले, जागा नाय. जागा नाय! नाक्यावरच्या मित्र मंडळाचं नाव होतं त्यात, त्यांच्या क्रिकेटच्या टीमचं होतं, आन मला जागा नाय. मला राग नाय आला सर, मला रडू आलं, मोरीत जाऊन रडले. म्हनून हर्षदा टाइप करताना म्हनाली ना, 'आई, तुमचं?' — मी म्हनलं, घाल. म्हनाली, पुढं काय लावू? म्हनलं, काय लावू नको, नुसतं बनूबाई. ती म्हनाली, आई, जगभर छापून येनार हे. मला दोन घास गेले नायत त्या दिवशी, आनंदानं. आन आता तुमी कागद घेऊन आलात, राजीखुशीनं म्हनून. असं कसं राजीखुशीनं?

काय म्हनता? नाव ठेवायचं तर कोनी काय काम केलं ते लिवावं लागतं? अवो मंग लिवा की! आमी काय फुकटचे घुसलोय का? आवडीनं रान दाखवलं, लिवा. दिरानं खुंट्या तासून दिल्या. पोरांनी रिबनी कापल्या — लाल, हर्षदाच्या दुकानातल्या, पत्रिकेला बांधतात त्या — आन जिज्ञासानं उकिडवं बसून एकेका शेवळाला बांधल्या, ही मोजायची, ती मोजायची नाय. संजीवनीनं काय केलं? तिनं, खोटं कशाला बोला, भाजी केली. माझं तिच्याशी पटत नाय पन शेवळाची भाजी करावी तर तिनं. आतलं पिवळं काढून टाकायचं, काकडं, ती रानातली आंबट फळं, ठेचून घालायची म्हंजे घशाला खाजत नाय, वरून सुक्या कोलंबीचे सोडे — तुमी खाल्लीत की! रान बगायला आलेलात तेवा, ह्याच ओटीवर, दोनदा मागून घेतलीत, ताट पुसून खाल्लंत. आवडी म्हनाली पन, सर असून आपल्यावानी खातो. तुमचं लय कौतुक झालं वाडीत.

आन तुमचं काम तर सगळ्यांहून मोठं. साळिंदर तुमीच शोधलंत! रिबनवाली शेवळं रोज गायब, रिबन खाली पडलेली, कोंब साफ कापलेला, कंद मातीत जागच्या जागी — पोर रडकुंडीला आली होती, आन तुमी तिथं बसलात, चष्मा वर केलात, म्हनलात, हे साळिंदर. पन कंद सोडून नुसता कोंब खानारं साळिंदर आजवर जगात कोनी बगितलेलं नाय! पोर नाचली हो, मला मिठी मारली, आत्या आत्या, माझा पेपर झाला. पेपराचं नावच ते हाय ना? हर्षदानं वाचून दाखवलं. ते लाल रंगाला भुलतं का काय ते पन लिवलंय म्हने, कारन बिनरिबनची शेवळं त्यानं हुंगली पन नायत. किती डोकं चालवता तुमी लोकं! — हां, त्यावरून आठवलं, बरं झालं, विसरनार होते. तो काटा गावलेला ना तुमाला तिथं, काळा-पांढरा, पुरावा म्हनून पिशवीत भरून नेलात? पेपरचं काम झालं असंल तर तो तेवडा परत द्या. माझ्या सासूचा हाय तो. भांग पाडायला वापरते मी, मंग अंबाड्यात खोचून ठेवते, पन मेला जरा वाकलं का पडतो —

चहा सांडला बगा. थांबा, फडकं आनते.

नाय, म्हंजे काय, लाकडाला गेलेले मी. लाकडाला. लाकडं खालीच असतात ना, वाकावं लागतं. आवडी होती बरोबर, संजीवनी होती — लाकडालाच, त्या पन. तुमी असं बगू नका सर माझ्याकडं. पोलीस बगतो तसं बगताय. खाई त्याला खवखवे म्हनतात, मंग खाल्लंय तर तुमी पन, दोनदा — बरं बाबा. बरं. तोडली. आमी तोडली. दरवर्सी तोडतो, आमच्या आयांनी तोडली, त्यात काय नवल? रानभर हुडकायची म्हंजे डोळे फुटतात, पाचोळ्यात पाचोळ्याच्या रंगाची शेवळं, पायाखाली आली तरी दिसत नायत, आन यंदा बगतो तर काय — लाल रिबनी! लांबनं दिसतात! मी आवडीला म्हनलं, पोर किती गुनाची बग, आत्याचे डोळे अधू झाले म्हनून निशान्या करून ठेवल्यात. खरंच तसं वाटलं हो. पयल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी — आता दुसऱ्या दिवशी कळलेलं जरासं. पन तोवर सवय लागलेली, आन संजीवनीनं सोडे भिजत घातलेले. कंद? कंद कोन काढतंय? कंद काढला तर पुढल्या वर्साला काय खायचं, माती? इळ्यानं कोंब कापायचा, झालं. आन तो कॅमेरा, झाडाला बांधलेला — त्याच्यावर आवडीनं पदर टाकला. अवो, आमी वाकून काम करनार, मागनं फोटो कोन काढून घेईल?

कोनाला लावता? सर, फोन कोनाला लावता? जिज्ञासाला नको. ठेवा तो. ठेवा म्हनते ना! तापातून आत्ता उठलीय ती. दवाखान्यातल्या नर्सला पन सांगत होती, माझं साळिंदर, माझं साळिंदर, पोटचं असल्यागत. आत्यानंच खाल्लं म्हनून कळलं तर ती माझ्याशी बोलायची नाय. भाऊ गेला तेवा माझ्या पदराला धरून वाढलेली पोर, तिनं तोंड फिरवलं तर मी काय करू? तुमी गप बसलात तर कोनाला कळतंय? मी बोलत नाय, आवडी बोलत नाय, संजीवनी — तिला मी बगते. छापून येऊ द्या साळिंदराचं, काय बिघडतंय, साळिंदर थोडंच नाय म्हनायला येनार?

— कोन येनार? परदेशातनं? इथं? साळिंदर बगायला? आन तसं साळिंदर गावलं नाय तर?

तर जिज्ञासा खोटी. असं म्हनतील? पेपरात खोटं लिवलं, असं? जन्मभर? तिनं तर काय केलं नाय, तिनं बिचारीनं नुसतं मोजलं.

नाय सर. माझ्या भावाची पोर खोटी नाय ठरनार. नाय म्हंजे नाय. खोट्या आमी, आमी खाल्लं, ती का भोगेल? तुमी असं करा — पेपर मोडू नका, बदला. बदलता येतो ना? कंद तसेच हायत, रिबनी हायत, जिज्ञासाचं मोजनं एक न् एक खरं हाय. फक्त साळिंदर खोडा आन त्याच्या जागी आमाला घाला. शेवळावर निशानी केली का बायका तीच तोडतात आन कंद राखतात — हे तरी जगात कोनी लिवलंय का? नाय ना? हसलात! हसलात म्हंजे होतंय. आना तो कागद. वरचं माझं नाव काढा, ही घ्या सही, आता खरंच राजीखुशीनं. दिराची आनते, चुलत्यांचा अंगठा आनते, संजीवनीची तर बसवून आनते. सासऱ्यांचं काय ते मी देवापुढं बगून घेते.

काय पुटपुटता? मोठ्यानं बोला. साळिंदराच्या जागी काय लिवनार? 'स्थानिक महिला'? नावं नाय घालत तुमच्यात, असल्या ठिकानी? का नाय घालत? आमाला इचारावं लागतं म्हनून? मंग इचारा! मी हो म्हनते, आवडीला हाक मारते, ती पन हो म्हनंल. हर्षदानं पेपर दाखवलाय मला सर, मी आंधळी नाय. साळिंदराचं नाव लिवलंय तुमी, लांबलचक, दोन शब्दांचं, तिरप्या अक्षरात. शेवळाचं पन तसंच. त्याच्यावर बसतो तो किडा, त्याचं पन. किड्याला नाव, आन आमी स्थानिक महिला? नाय चालनार. बनूबाई, आवडी, संजीवनी — असं लिवायचं. पुढं-मागं काय लावायचं नाय. तिरप्या अक्षरात.

लिवलंत? दाखवा. हां. आता लावा तो फोन. लावा, लावा, पन बोलायचं तुमी नाय, द्या इकडं. वाजतोय — सर, तुमी जरा अंगनात जा.